खांबांखालच्या लाटा

१

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की मी मागच्या खोलीत जातो, दार लोटून घेतो आणि पेटी उघडतो. स्वयंपाकघरात सूप रटरटत असतं. अंगणात माझी बायको असुंता बोलत असते, कधी कोंबड्यांशी, कधी कोंबड्यांशी माझ्याविषयी.

"गेला बघा म्हातारा, माझ्या सवतीकडे," ती कोंबड्यांना सांगते, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सवत म्हणजे नाण्यांची पेटी. अक्रोडाची आहे, आत हिरवी मखमल, मखमलीत खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक माकुकिना. आमच्या पोतोसी गावच्या टांकसाळीत तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी हाताने ठोकलेली ही चांदीची नाणी. एकही गोल नाही. कामगाराने चांदीचा तुकडा ठेवला, घण मारला, कात्रीने कडा कापल्या की झालं नाणं. एका बाजूला क्रूस. दुसऱ्या बाजूला दोन खांब, खांबांवर मुकुट, मधे थोडी अक्षरं, आणि खांबांच्या पायाशी समुद्राच्या लाटा. फार जुन्या काळी लोकांना वाटे की त्या खांबांपाशी जग संपतं आणि नुसतं पाणी सुरू होतं.

हात धुऊन कोरडे करायचे, नाणं फक्त कडेने धरायचं, आणि पुसायचं कधीच नाही. नाणं पुसणारा माणूस म्हाताऱ्या आईच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवायलाही कमी करणार नाही, असं माझं मत आहे. नवं नाणं घरात आलं की त्याच दिवशी मी सिगारेटचा पातळ कागद त्यावर ठेवून पेन्सिल घासतो, छाप उठवतो, मागे तारीख घालतो आणि कागद घडी करून त्याच खाचेत नाण्याखाली ठेवतो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला नोंद नसेल तर झोप येत नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, बाहेर वारा पत्रे वाजवत असताना, मी डोळ्याला भिंग लावून पहिलं नाणं पाहत होतो. लाटा खांबांच्या पायावर चढल्या होत्या. मी खालचा कागद उलगडला. त्या छापात लाटा पायाच्या खाली होत्या, आणि दोन्हींच्या मधे नखाच्या जाडीएवढी सपाट जागा होती.

छाप घेताना माझा हात हलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माझा हात हलत नाही, हे मला माहीत होतं.

२

ते पहिलं नाणं मी विकत घ्यायला गेलो नव्हतो. मी मुलाला शोधायला गेलो होतो.

आमच्या देशाला समुद्र नाही. होता, तो पणजोबांच्या काळात लढाईत गेला. तरी दरवर्षी मार्चमध्ये आम्ही त्याच्या नावाने बँड वाजवत मिरवणूक काढतो, आणि ज्या पोरांनी तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नसतं ती कागदाच्या होड्या मिरवतात. आमचा एफ्राईन अशा मिरवणुकीत सगळ्यात पुढे असायचा. तेविसाव्या वर्षी तो खरोखर समुद्रावर गेला, सरहद्दीपलीकडे इकिकेला, मासेमारीच्या बोटीवर कामाला. चार महिन्यांनी बोट उलटली. तीन जण सापडले. एफ्राईन सापडला नाही.

मी अकरा दिवस त्या किनाऱ्यावर बसून होतो. अकराव्या दिवशी जाळी शिवणारा एक म्हातारा शेजारी येऊन बसला आणि रुमालातून काळं, खारानं कुरतडलेलं एक चपटं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"जाळ्यात आलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या गावचं आहे म्हणतात. घेऊन जा."

त्यावर आमच्या टांकसाळीची खूण होती. आमच्या चांदीच्या डोंगरातून निघून, कुठल्यातरी जहाजाबरोबर बुडून, आमचंच काहीतरी बाहेर आलं होतं. मी पैसे दिले आणि घरी आलो. त्यानंतर सहा वर्षं मी फक्त समुद्रातून वर आलेली माकुकिना जमवली. हे का, ते मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

आमच्याकडे माणूस गेला की तीन वर्षं, सर्व संतांच्या दिवशी, त्याच्यासाठी टेबल मांडतात. एक नोव्हेंबरला दुपारी बाराला आत्मा येतो, दोन तारखेला बाराला जातो. काळं कापड, पिठाची माणसं, आत्म्याला उतरायला पावाची शिडी, त्याच्या आवडीचं जेवण, आणि पाण्याचा पेला तर हवाच. लांबून आलेल्याला आधी पाणी विचारायचं.

असुंताने टेबल मांडू दिलं नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, सहाही वर्षं नाही.

"ताट मांडलं म्हणजे तो मेला," ती म्हणायची. "प्रेत दाखवा, मग मांडते."

एफ्राईनला बाप्तिस्म्याला मांडीवर घेणारी त्याची धर्ममाता, शेजारची एर्मिनिया, दर ऑक्टोबरला येऊन भांडायची. "अगं, पोर दाराबाहेर ताटकळत असेल!"

"माझं पोर दाराबाहेर थांबत नाही," असुंता म्हणायची. "लाथ मारून आत येतं. अर्धा पेला पाणी पितं, अर्धा तसाच ठेवून पळतं."

ते खरंच होतं. एफ्राईनने जन्मात पेला संपवला नाही. राहिलेलं उष्टं पाणी मी कुरकुरत पिऊन टाकायचो. लोकांनी टेबलाचं विचारलं की मी खांदे उडवायचो आणि सांगायचो, असुंता मांडू देत नाही. ते मला फार सोयीचं होतं.

३

सप्टेंबरमध्ये मी मोजमाप घेतलं. घड्याळजीला केसाएवढा फरक कळतो, आणि इथे फरक केसाचा नव्हता. एकोणीस नाणी होती आणि एकोणीसही नाण्यांवर लाटा चढल्या होत्या. नाणी वेगवेगळ्या सालांची, वेगवेगळ्या ठशांची, तरी पाणी सगळ्यांवर एकाच उंचीला, खांबांच्या गुडघ्याशी.

तिबुर्सियो तेव्हा आला. तो बाजारोबाजार फिरून जुनी नाणी विकतो आणि खोटं फक्त गिऱ्हाइकाशी बोलतो. मी काही न सांगता त्याच्यापुढे एक नाणं आणि त्याचा छाप ठेवला.

"मास्तर, हा छाप कुठल्या नाण्याचा?"

"याच."

"चेष्टा करता गरिबाची?" त्याने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. "झिजलं की चांदी जाते. वाढलेली चांदी मी बापजन्मात पाहिली नाही. पाहिली असती तर तुम्हाला विकली असती का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या कागदांची अदलाबदल झालीय. वय झालं, मास्तर. मान्य करा आणि हे घ्या, विसावं. परवाच हाताला लागलं."

विसाव्या नाण्यावर लाटा जिथे असायला हव्यात तिथेच होत्या. मी तिबुर्सियोच्या देखत छाप घेतला आणि मागे त्याची सही घेतली. तो हसला, पण सही केली.

पुढच्या रविवारी विसाव्या नाण्यावर पाणी गुडघ्याशी होतं. बाकीच्या एकोणीस जणांबरोबर.

मी पेटी मिटली आणि जेवायला गेलो. असुंताने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सुपात तापलेला दगड सोडला, सूप फसफसलं, ती काहीतरी बोलली आणि मी हो म्हणालो. माझं मन एकच हिशेब करत होतं: महिन्याला एवढं, तर मुकुटापर्यंत किती.

४

आमचं गाव इतकं उंच आणि इतकं कोरडं आहे की दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात आणि सकाळचा पाव दुपारी भिंतीत ठोकता येतो. अशा गावात, पेटी ठेवलेल्या टेबलामागच्या भिंतीला ओल आली. जमिनीपासून वीतभर, अगदी सरळ रेषेत. रेषेच्या वर पांढरी पूड. मी बोट लावून चाटलं. खारट.

मातीच्या विटांना खार सुटतो. हे कुठलाही गवंडी सांगेल. मी गवंड्याला विचारलं नाही.

आणि एक आवाज होता. सकाळी अकराच्या सुमाराला, अंगण शांत झालं की. आधी वाटलं उतारावरचा ट्रक. मग वाटलं कानात मळ साठलाय, म्हणून कोमट तेल घातलं. आवाज यायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. इकिकेच्या किनाऱ्यावर अकरा दिवस बसलेल्या माणसाला तो काय आहे हे सांगावं लागत नाही. मी मात्र स्वतःला पंधरा दिवस काहीतरी दुसरंच सांगत राहिलो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असुंता मला जेवायला बोलवायला आली आणि तो आवाज ऐकून उंबरठ्यावरच थबकली. तिच्या हातात पळी होती.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"वेन्सेस्लाओ, मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

मी तिला भिंग दिलं. सहा वर्षांत तिने नाणी एकदाही पाहिली नव्हती. मी तिच्यापुढे पहिलं नाणं ठेवलं. त्यावरची अक्षरं पाण्याखाली गेली होती, खांब गेले होते. लाटांच्या वर फक्त दोन मुकुट उरले होते.

"हे खांब आधी पूर्ण दिसायचे?"

"पूर्ण."

तिने खालचा छाप पाहिला. मग दुसरं नाणं, तिसरं, सगळी. पळीतून सूप तिच्या पायावर टपकत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. मला वाटलं आता ओरडेल, पेटी फेकून देईल. ती खुर्चीत बसली आणि अगदी हळू बोलली.

"मी सगळ्यांना सांगत होते ना, तो मेला नाही म्हणून. मग सहा वर्षं तो करतोय काय त्या पाण्यात?" तिने भिंग डोळ्यापासून काढलं. "पोहतोय. सहा वर्षं मी त्याला पोहत ठेवलंय, म्हाताऱ्या."

मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

"एर्मिनियाला सांग," ती म्हणाली. "पीठ लागेल. खूप लागेल."

५

एक नोव्हेंबरला टेबल मागच्या खोलीतच मांडलं. काळं कापड, ऊस, अंजिरं, चेहरे चिकटवलेली पिठाची माणसं, दगड सोडलेलं सूप, एफ्राईनचा शाळेच्या गणवेशातला फोटो. आणि काचेचा पेला, काठोकाठ भरलेला. असुंताने पेटीही उघडून मधोमध ठेवायला लावली. मी म्हणालो, वाफेने नाणी खराब होतील. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेटी ठेवली.

बाराला दहा मिनिटं होती. खोलीत आम्ही तिघंच. आवाज आता भिंतीमागून नव्हे, टेबलाखालून येत होता. एर्मिनियाच्या हातात जपमाळ होती. बाई खमकी. चर्चची घंटा सुरू झाली तशी ती उभी राहिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू?"

घरच्यांनी नाव सांगायचं असतं. तेवढंच करायचं असतं.

असुंताचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "जे कोणी तहानलेले असतील, त्यांच्यासाठी."

"अगं, असं नसतं..." एर्मिनिया म्हणाली, पण घंटेचे टोल संपत आले होते. तिने डोळे मिटून सुरुवात केली, "हे आमच्या बापा..."

पेल्यातलं पाणी उतरू लागलं.

पेला कोणी उचलला नाही. तो जागचा हलला नाही. पाणी मात्र घोटाघोटाने खाली जात होतं, मधे श्वास घेण्यापुरतं थांबत होतं, पुन्हा जात होतं. तळाशी गेलं. एक थेंब उरला नाही. एर्मिनियाचा आवाज चढला, पण ती थांबली नाही.

असुंताने पाण्याचा जग उचलून पेला पुन्हा भरला. तोही रिकामा झाला, यावेळी घाईघाईने. तिने पुन्हा भरला. हा हळूहळू गेला, दात नसलेला म्हातारा पितो तसा. चौथा. पाचवा. मी जग भरून आणत होतो आणि मोजत होतो, कारण मला दुसरं काही येत नाही. सातवा पिणारा मधेच थांबला, कोणीतरी पाहतंय म्हणून संकोचावं तसा, तेव्हा आम्ही तिघांनी माना फिरवल्या. मग तो प्यायला.

भीती होतीच. पण नवव्या की दहाव्या पेल्याला मी डोक्यावरची टोपी काढली. साडेतीनशे वर्षांची तहान आमच्या रोजच्या पेल्याने भागत होती, आणि माझ्या उभ्या जन्मात मी त्याहून मोठं काही पाहिलेलं नाही. मला लाजही वाटली. यांना मीच एकेक करून घरी आणलं. मखमलीवर बसवलं, मोजलं, त्यांचे छाप घेतले. साधं पाणी विचारलं नव्हतं.

एकोणिसावा पेला रिकामा झाला. असुंताने विसावा भरला.

तो भरलेलाच राहिला.

आम्ही तसेच उभे होतो. सुपावरची वाफ गेली. मी भिंग लावून पेटीत वाकलो. एकोणीस नाण्यांवर लाटा आपल्या जागी, खांबांच्या पायाखाली उतरल्या होत्या. फक्त पहिल्या नाण्यावर, इकिकेच्या नाण्यावर, पाणी होतं तिथेच होतं. थोडं वरच.

६

दुपारभर शेजारीपाजारी येत राहिले, प्रार्थना म्हणत राहिले, पाव खात राहिले. "सहा वर्षांनी का होईना, मांडलंत. बरं केलंत," असं म्हणत राहिले. पेल्याकडे आम्हा तिघांखेरीज कोणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी तो भरलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही भरलेला होता.

साडेअकराला असुंता माझ्याजवळ येऊन कुजबुजली. तिचे गाल लाल झाले होते. "सगळे प्यायले. तोच नाही प्यायला. म्हणजे तो त्यांच्यातला नाही. असेल, वेन्से. कुठेतरी असेल!"

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते सांगता येत नाही. बाराला टेबल उचलायचं, पेला पालथा घालायचा, आणि पुन्हा पहिल्यासारखं, रविवार आणि पेटी आणि कोंबड्या. मी तिला हो म्हणणार होतो. म्हणायच्या आधी मी सवयीने भिंग लावलं.

नाण्यावर एकच मुकुट उरला होता. त्याचंही फक्त टोक, पाण्याबाहेर, मोहरीएवढं. मी पाहत असताना ते खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. आणि त्याच्या शेजारी, जिथे काही कोरलेलंच नव्हतं तिथे, आणखी एक बारीक काहीतरी वर आलं. पाच टोकांचं, पंजासारखं. मी भिंग काढलं. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

"एर्मिनिया," मी म्हणालो, "विचार."

"बाराला अजून वीस मिनिटं आहेत, मास्तर. निरोपाची प्रार्थना..."

"आत्ता विचार. कालचंच विचार."

ती उभी राहिली. असुंताने माझी बाही घट्ट धरली.

"कोणाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू?"

सहा वर्षं मी बायकोच्या हट्टामागे लपलो होतो. मला वाटायचं, माझा घसा असा शब्द काढूच शकणार नाही. तो निघाला, अगदी साधा निघाला, दुकानात गिऱ्हाइकाचं नाव घ्यावं तसा.

"एफ्राईन कोल्के," मी म्हणालो. "आमचा मुलगा. समुद्रात बुडाला."

असुंताची पकड सुटली नाही, पण सैल झाली. "एफ्राईन," ती म्हणाली. "आमचा मुलगा."

पाणी हललं. एका दमात, मोठ्या घोटांनी, खेळून दमून आलेल्या पोरासारखं ते खाली जाऊ लागलं. आणि बरोबर अर्ध्यावर येऊन थांबलं.

आम्ही वाट पाहिली. एर्मिनियाने प्रार्थना संपवली. पेला अर्धाच होता.

"बघा!" असुंता म्हणाली. तोच आवाज, तोच वैताग, जो या घरात सहा वर्षं ऐकू आला नव्हता. "पुन्हा अर्धा ठेवला! किती वेळा सांगायचं या पोराला!" आणि ती खुर्चीत बसली, झग्याच्या घोळात तोंड घालून, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच, आई रडते तशी रडली.

मी पेला उचलला. एर्मिनिया म्हणाली, "मास्तर, ते गेलेल्यांचं उष्टं, पिऊ नये," पण हे काम या घरात नेहमी माझंच होतं. मी राहिलेलं पाणी पिऊन टाकलं. मला वाटलं होतं खारट लागेल. गोडं होतं, आमच्याच नळाचं.

मग मी पेला काळ्या कापडावर पालथा घातला. बाहेर बाराचे टोल पडू लागले. मी मोजले. शेवटचा टोल विरला, आणि त्यानंतर खोलीत कसलाही आवाज नव्हता, टेबलाखालूनही नाही.